संडास गळत नाहीये!

सिंधुदुर्गातल्या आचऱ्याजवळच्या त्या गॅरेजसमोर जमलेल्या मंडळींपैकी कुणी हे वाचत असेल, तर त्यांच्यासाठी पुन्हा एकदा सांगतो. आमच्या गाडीच्या मागून जे ठिबकत होतं ते गिअर ऑइल होतं. क्राऊनचं, म्हणजे मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरपेटीचं. संडासाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. हे मी तिथं मराठीत सांगितलं, मोडक्या मालवणीत सांगितलं आणि शेवटी हातवारे करून सांगितलं. काही उपयोग झाला नाही.

गाडी म्हणजे जुना टेम्पो ट्रॅव्हलर. आतल्या सीटा काढून पलंग, ओटा, सिंक आणि अगदी मागे संडास-न्हाणी बसवलेली. पुण्यात लोक आत डोकावून ‘वा!’ म्हणतात, कोकणात ‘कित्याक?’ विचारतात. वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा जंगलजेट्या, म्हणजे गाड्या खाडीपार नेणाऱ्या फेरीबोटी, करत आम्ही खाली उतरलो होतो. जंगलजेटीत चढताना आमच्या गाडीचं शेपूट रॅम्पच्या तोंडाशी खर्रकन घासतं. ओहोटी असेल तर उतार आणखी वाढतो आणि चाकं थेट खाऱ्या पाण्यात उतरतात. बोटीवरचा माणूस ‘येऊ द्या, येऊ द्या’ करत राहतो. त्याला फक्त तिकिटाची गाडी आत हवी असते, चॅसीचं, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्याचं, काय होतं ते त्याच्या हद्दीत येत नाही.

तर एका सकाळी गाडी पुढे घेतली आणि मागे वाळूवर डाग दिसला. गाडी गळायला लागली की आधी रंग बघावा. हिरवं किंवा गुलाबी असेल तर कूलंट, तांबडं आणि पातळ असेल तर बहुधा पॉवर स्टीअरिंगचं, काळंकुट्ट असेल तर डिझेल इंजिनाचं. पिवळसर, पातळ आणि चाकाच्या आतल्या अंगानं ओघळत असेल तर ब्रेक ऑइल, आणि मग गाडी जागची हलवायची नाही. आमचं तपकिरी होतं, जाड होतं आणि प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनाची ताकद मागे आणणारा दांडा, जिथं क्राऊनला येऊन मिळतो तिथून येत होतं. म्हणजे पिनियनचं, तिथल्या छोट्या गिअरचं, ऑइल सील गेलेलं; सील म्हणजे ऑइल अडवणारं रबरी कडं. निदानाला वेळ लागला नाही. अडचण होती वासाची. गिअरच्या दातांवरचा प्रचंड दाब सोसावा म्हणून या ऑइलात गंधकाची संयुगं घालतात, आणि जुनं झालेलं ऑइल असं काही घाण मारतं की आपणच दोन पावलं मागे सरकतो. तेव्हा परिस्थिती अशी: तपकिरी द्रव, तोही गाडीच्या मागच्या भागातून, असह्य दर्प, आणि वर फळीच्या पलीकडे संडास.

मेस्त्री भला माणूस होता. त्यानं बोट लावलं, अंगठ्यावर चोळलं, “नव्वद नंबर” म्हणाला आणि पोतं अंथरून गाडीखाली गेला. त्याचे फक्त पाय बाहेर राहिले. नेमके तेव्हाच आजोबा आले.

कमरेला पंचा, वर बनियन, आकडीत अडकवलेली कोयती आणि खांद्यावर गवत कापायचं मशीन. मशीन सुरू होत नव्हतं म्हणून ते गॅरेजवर आले होते, पण आमची गाडी दिसल्यावर त्यांनी मशीन भिंतीला टेकवलं ते टेकवलंच.

“संडास गळता?”

“नाही हो आजोबा, ऑइल आहे. गिअरचं.”

त्यांनी गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकून दीर्घ श्वास घेतला. मग सरळ झाले आणि माझ्याकडे जरा कणवेनं बघितलं.

“ह्यो ऑइलाचो वास?”

“त्यात गंधक असतो.”

“गंधक,” ते म्हणाले. “आमी हापूसाक गंधक मारतंव. भुरी पडता तेव्हा. गंधकाचो वास माका ठावक आसा. ह्यो तो नाय.”

आता आंबा बागायतदाराशी गंधकावरून वाद घालण्याइतकं माझं शिक्षण नाही. मी विषय बदलून यंत्ररचनेकडे वळलो. आमचा संडास कॅसेटचा असतो, खाली बंद पेटी असते, ती बाहेरच्या दारातून हँडलला धरून ओढून काढायची आणि खऱ्या संडासात नेऊन रिकामी करायची, खाली रस्त्यावर सोडणारा पाइपच मुळात नाही, वगैरे. आजोबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“पण आत संडास आसा?”

“आहे.”

“मगे?”

या ‘मगे’पुढे बोलायला माणसाकडे काही उरत नाही. एव्हाना शाळेला दांडी मारलेली दोन पोरं, बंद पडलेल्या स्कूटरचा मालक आणि रिक्षा थांबवून उतरलेला एक रिक्षावाला एवढं मंडळ जमलं होतं. तेवढ्यात एक मासेवाली बाई डोक्यावर टोपली घेऊन रस्त्यानं निघाली होती. ती आमच्या गाडीपाशी आली आणि तिनं नाकाला पदर लावला. मासे विकणाऱ्या बाईनं. बांगडे होते टोपलीत, आणि सकाळचे नसावेत.

इथं माझा तोल गेला. मी गाडीचं बाहेरचं दार उघडलं, पेटी खेचून काढली आणि सगळ्यांसमोर झाकण उघडून धरली. कोरडी ठणठणीत. आदल्या संध्याकाळीच धुतलेली.

“बघा!” मी म्हणालो. “रिकामी आहे!”

आजोबांनी आत डोकावून पाहिलं, मान हलवली आणि मंडळाकडे वळून निकाल दिला, “म्हणजे सगळा गळान गेला.”

गाडीखालचे मेस्त्रीचे पाय हसत होते. पाय हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिले.

यापुढे मी गप्प बसायचं ठरवलं, पण आजोबांची चौकशी आता कुठे सुरू झाली होती. खंयचे तुमी? पुण्याचे. घर नाय काय पुण्याक? आहे की. भाड्याचा? नाही, स्वतःचं. त्यात संडास आसा? दोन आहेत.

“घराक दोन संडास आसत,” आजोबा मंडळाला समजावू लागले, “आणि ह्ये तिसरो घेवन फिरतत.”

मग ते माझ्याजवळ आले, आवाज खाली आणला आणि जरा गंभीर झाले. “आमचो सगळो गाव पण घर सोडता. चार वर्सांनी एकदा. गुरांढोरां, कोंबडी, कुत्रे सगळा घेवन शीवेभायर. तीन दिस, तीन रात्री. पण ता देवाचो कौल लागल्यार.” आचऱ्याची गावपळण ती हीच. रामेश्वराचा कौल झाला की सगळा गाव वेशीबाहेर झोपड्या घालून राहतो, गावात चिटपाखरूही ठेवत नाहीत, आणि परतायचं तेही पुन्हा कौल घेऊनच. मला या प्रथेबद्दल मनापासून कौतुक आहे. पुढच्या प्रश्नाबद्दल नाही.

“तुमका कोणाचो कौल?”

“बायकोचा,” मी म्हणालो. काहीतरी विनोद करून सुटावं म्हणून.

“माझा मुळीच नाही हं,” गाडीच्या दारातून आवाज आला. “मी रिसॉर्ट म्हणत होते.”

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्यामागचा ओटा पाहिला, ओट्यामागचं ते दार पाहिलं. “वैनी, तुमी जेवण थंयच करतास? संडासाच्या बाजूक?” तिनं हो म्हटलं. मग कुणी काहीच बोललं नाही. रिक्षावाला रिक्षात जाऊन बसला.

त्यानंतर अर्ध्या तासानं मेस्त्री खालून बाहेर आला आणि म्हणाला, “ऑइलच आसा. ब्रीदर चोक झालो. गाडयेक श्वास घेवक गावना नाय.” क्राऊनच्या वर एक बारकं नळकांडं असतं. क्राऊन तापला की आतली हवा तिथून बाहेर पडते. ते चिखलानं किंवा गंजानं बुजलं की हवेचा दाब सीलवर येतो आणि ऑइल सीलला ढकलून वाट काढतं. शुद्ध विज्ञान. पण हे विज्ञान ऐकायला मंडळातलं कुणी शिल्लक नव्हतं. आजोबा मशीन न दुरुस्त करताच घरी निघून गेले होते. मला वाटलं विसरले असतील. तसं नव्हतं, त्यांना बातमी पोचवायची घाई होती.

सील बदलणं मात्र बघण्यासारखं झालं. मेस्त्रीनं पिनियनचा नट सोडवण्याआधी नटावर एक आणि शाफ्टवर एक असा पंचानं ठिपका मारून ठेवला. बसवताना दोन्ही ठिपके समोरासमोर आणायचे, तसूभर इकडे नाही की तिकडे नाही, म्हणजे आतल्या बेअरिंगवरचा ताण होता तेवढाच राहतो. जुन्या सीलच्या ओठानं फ्लॅन्जवर, म्हणजे सील ज्यावर टेकतं त्या भागावर, बारीक चर पाडली होती. ती त्यानं पॉलिश पेपरनं घासली, नख फिरवून पाहिलं, पुन्हा घासली. नवं सील ऑइलात बुचकळून, वर जुन्या बेअरिंगचं कडं ठेवून हातोडीचे हलके ठोके देत बसवलं. ब्रीदर डिझेलमध्ये धुतलं आणि तोंडानं फुंकून दाखवलं. मला वाटलं, झालं.

मग त्यानं सहज म्हणून हातोडी चॅसीवर फिरवली. टण्, टण्, टण्, थप्. त्या ‘थप्’पाशी तो थांबला. पुन्हा मारली तर गंजाचे पापुद्रे त्याच्या छातीवर पडले.

इथून पुढे मला हसू येत नाही, त्याला इलाज नाही. सांडपाण्याची टाकी टांगायला ज्यांनी गाडी बांधून दिली त्यांनी चॅसीला थेट वेल्डिंग करून ब्रॅकेट चिकटवले होते. वेल्डिंगच्या आचेनं पट्टीच्या आतल्या बाजूचा रंग जळून जातो, गंज तिथून सुरू होतो आणि बाहेरून काही दिसत नाही. भोकं आहेत तिथं बोल्ट मारून ब्रॅकेट बसवता येतात, पण त्याला वेळ लागतो. वेल्डिंगनंतर निदान रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या रंगाचा, एक हात द्यावा, तर तेही नाही. कहर म्हणजे न्हाणीचा ओव्हरफ्लो पाइप आडव्या पट्टीच्या बरोबर वर आणून सोडलेला. त्यात कोकणची हवा. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळू लागतं. पावसाळ्यात बरणीतलं मीठ ओलं होतं ते त्यामुळेच. चॅसीवर बसलेलं मीठही हेच करतं. गाडी उन्हात कोरडी दिसते आणि खालची पट्टी ओलीच असते.

या लोकांनी पैसे लाखांत घेतले. त्यांच्या बिलात इटालियन मार्बल फिनिशचा सनमायका आहे, छतात रंग बदलणारे दिवे आहेत, रिमोटवर उघडणारा पडदा आहे. रेड ऑक्साइडचा डबा नाही. जे गिऱ्हाइकाला दिसतं त्याला पॉलिश, आणि ज्यावर गिऱ्हाइकाचा जीव टांगलेला त्याला थुंकी. हे मोटरहोमवाल्यांपुरतंच नाही, पण तो दुसरा लेख होईल.

मेस्त्रीनं मालवणहून वेल्डर बोलावला, ट्रॉलरची कामं करणारा. त्यानं बॅटरीची टोकं सुटली आहेत का ते आधी स्वतः पाहिलं आणि मगच गन हातात घेतली. कुजलेला भाग कापला, नवी पट्टी टाकली, टाकी बोल्टावर टांगली, आतून-बाहेरून रेड ऑक्साइड मारला. पाइप पुढे लांबवून दिला. हे सगळं मजुरीसकट जेवढ्यात झालं तेवढ्यात त्या पडद्याचा रिमोटही आला नसता.

“आता जळका ऑइल मारतंय,” मेस्त्री म्हणाला. कोकणात पावसाळ्याआधी गाडीला खालून इंजिनाचं जुनं काळं ऑइल फवारतात, लोखंडाला खारं वारं लागू नये म्हणून. मारलं. “चार दिस ठिबकात. मनार घेव नको.”

गळती बंद करायला आलेली गाडी आता सर्वांगानं गळत निघाली.

रात्रीचा मुक्काम मालवणला होता. राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण 2021 मध्ये आलं, त्यात कॅरॅव्हॅन पार्क वगैरे आहेत. आम्ही मात्र गाडी लावायला आवार मिळावं म्हणून घरगुती निवासात एक खोली घेतो. म्हणजे घर ठेवायला खोली भाड्यानं. मालक फाटकातच उभे होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही, गाडीखाली पाहिलं. अंगणात नुकतंच शेणानं सारवलेलं होतं.

“आचऱ्याहून इलात ना?” त्यांनी विचारलं. “तुमी आत येवा. गाडी भायर रस्त्यार ऱ्हवांदे.”

गाडी रस्त्यावर राहिली. मी खोलीत जाऊन पुण्याला त्या बांधणाऱ्यांना फोन लावला आणि चॅसीचे फोटो पाठवले. ते अतिशय नम्रपणे बोलले. असे लोक नेहमीच नम्रपणे बोलतात.

“सर, गाडी समुद्राकडे नेली होती का?”

“हो.”

“मग तेच झालंय. ही डोंगराकडची गाडी आहे सर. खाऱ्या हवेला वॉरंटी नसते.”

मी म्हटलं, तुमच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर हीच गाडी वाळूत उभी आहे, पुढची चाकं लाटेत आहेत आणि बाजूला एक बाई शहाळं पितेय.

“सर, ती फक्त फोटोपुरती नेली होती,” ते म्हणाले. “लगेच आणून खालून धुतली.”