रायफलच्या कोटेड बुलेटवरच्या १ स्टार रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमची निराशा झाली आणि पार्सलही उशिरा पोचलं, त्याबद्दल माफी मागतो. पण आमच्या बुलेटवरच्या मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या (मोलीच्या) काळ्या थरावरून ‘काळी पूड फासून फसवतात’ असं तुम्ही चारचौघांत लिहिलंत, ते फार लागलं. आमचं पोट याच कामावर आहे, म्हणून उत्तरही चारचौघांतच देतो.

तुम्हीच लिहिलंय की साध्या बुलेटचा लोड (काडतुसात भरायच्या पावडरचं प्रमाण) तसाच ठेवला आणि क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) वेग सेकंदाला ६० फुटांनी घसरला. सर, तो घसरणारच! मॉलिब्डेनम डायसल्फाइडमुळे बॅरलमध्ये घर्षण कमी होतं, दाब कमी चढतो, वेग उतरतो. म्हणजे कोटिंग काम करतंय. वेग परत हवा असेल तर कोटेड बुलेटच्या लोड डेटामधल्या (पावडरच्या तक्त्यातल्या) सुरुवातीच्या, कमी पावडरच्या चार्जपासून, थोडी थोडी पावडर वाढवत, नवा लोड बांधावा लागतो. आणि तो लोड साध्या बुलेटला चुकूनही वापरू नका, दाब धोक्याच्या पातळीवर जाईल.

ग्रुप (निशाण्यावरच्या भोकांचा पुंजका) पसरल्याचं म्हणाल, तर तुम्ही आधी साध्या, मग कोटेड, मग पुन्हा साध्या बुलेट झाडल्यात, मध्ये बॅरल साफ न करता. साध्या बुलेटचं तांबं बॅरलला चिकटून राहतं, त्या थरावर मोली नीट धरत नाही. कॉपर सॉल्व्हंट (तांबं विरघळवणारं द्रव) लावून पॅचवर (पुसायच्या कापडावर) निळा डाग उमटायचा थांबेपर्यंत बॅरल साफ करायची, मग पहिले काही राउंड फक्त थर बसायला सोडायचे. निशाण्याची पारख त्यानंतर. तुम्ही ३ राउंडमध्ये निकाल दिलात. पाकिटातल्या पत्रकात हे सगळं छापलेलं आहे.

बॅरलचं आयुष्य वाढतं असं आम्ही कधीच म्हटलेलं नाही. थ्रोट (बॅरलचा काडतुसाकडचा सुरुवातीचा भाग) झिजतो तो जळत्या पावडरच्या तापलेल्या वायूने, तिथे कोटिंग काय करणार? सीझनला मोजकेच राउंड झाडणाऱ्या शिकाऱ्याला साधी बुलेट पुरते, हेही विक्रीच्या पानावर आहे. खरा फायदा एका बैठकीत पुष्कळ राउंड झाडणाऱ्याला, कारण तांबं कमी चिकटतं आणि साफसफाई लांबते. मात्र रायफल ठेवून देताना मोली पूर्ण काढा, दमट हवेत त्याच्याखाली गंज धरतो.

पत्रकाची अक्षरं मोठी करतो, पार्सलचंही बघतो. न फोडलेलं पाकीट असेल तर परत पाठवा, पैसे देऊ. त्याआधी बॅरल एकदा नीट साफ करून बघा, एवढीच विनंती.