सात विरुद्ध सहा

पुस्तकावरून महाराष्ट्रात वाद पेटला की पुण्यातले माझे मित्र म्हणतात, "तुमचं बरं आहे, तिकडे काहीही लिहिता येतं." मी त्या वादात तोंड घातलं की तेच मित्र म्हणतात, "तिकडे बसून बोलायला काय जातं?" मी राहतो नेदरलँड्समधल्या लायडनला. या दोन्ही वाक्यांना उत्तर म्हणून मला याच गावात पंधरा वर्षं काढलेल्या एका माणसाची आठवण होते. नस्र हामिद अबू झैद. इजिप्तचे, अरबी साहित्यशास्त्राचे अभ्यासक.

त्यांचं नाव ज्यांनी ऐकलंय त्यांना बहुधा खटलाच माहीत असतो. मला आधी त्यांचं काम सांगायचं आहे, कारण खटल्याच्या गदारोळात तेच हरवलं.

१९४३ साली तांता शहराजवळच्या कुहाफा खेड्यात जन्म. लहानपणीच कुराण मुखोद्गत. वडील लवकर गेले, घर चालवायचं होतं, म्हणून तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन सरकारी दळणवळण खात्यात तंत्रज्ञाची नोकरी धरली. नोकरी करत करत कैरो विद्यापीठात अरबी शिकले आणि १९७२ साली, जवळजवळ तिशीला, पदवीधर झाले. पुढे त्याच विभागात शिकवू लागले.

एम.ए.साठी त्यांनी निवडलेला विषय वरवर कोरडा वाटेल. कुराणात ईश्वराच्या हाताचा, सिंहासनाचा उल्लेख येतो. ईश्वराला देह नाही, मग हात कसला? आठव्या-नवव्या शतकातले मुअतझिला या इस्लामातल्या बुद्धिवादी पंथाचे पंडित म्हणत, हा मजाज आहे. आपल्या अलंकारशास्त्राच्या भाषेत, इथे लक्षणेनं अर्थ घ्यायचा. अबू झैद यांनी दाखवलं ते असं, की अरबी साहित्यशास्त्रातली रूपकाची कल्पना निव्वळ काव्यचर्चेतून आलेली नाही, ती या धर्मचर्चेत घडत गेली. अकराव्या शतकात कॅस्पियन समुद्राजवळच्या गुर्गानमध्ये अब्द अल-काहिर अल-जुर्जानी यांनी तिला शास्त्राची बैठक दिली. सुट्या शब्दात सौंदर्य नसतं, शब्दांची एकमेकांशी जी जुळणी होते तिच्यात अर्थ आणि सौंदर्य दोन्ही असतात, हे त्यांचं म्हणणं. कुराणाची शैली अद्वितीय का, हे सांगण्यासाठी त्यांनी हा सगळा खटाटोप केला. म्हणजे धर्मग्रंथाकडे भाषेच्या अंगानं पाहणं ही पाश्चात्त्यांकडून आणलेली फॅशन नाही. ती अरबी विद्येच्या घरचीच गोष्ट आहे.

१९९० साली अबू झैद यांनी 'मफहूम अल-नस्स' (संहितेची संकल्पना) या ग्रंथात हाच धागा पुढे नेला. कुराण ईश्वरी आहे हे त्यांना मान्यच होतं. पण ते माणसांशी बोललं ते सातव्या शतकातल्या अरबांच्या भाषेत, तेव्हा भाषेच्या अभ्यासाची साधनं त्याला लावता येतात, इतकंच ते म्हणत होते. धोका त्यांना ठाऊक नव्हता असं नाही. त्याच विद्यापीठात १९४७ साली प्राध्यापक अमीन अल-खूली यांच्या विद्यार्थ्याचा, मुहंमद खलफल्ला यांचा, कुराणातल्या कथाकथनकलेवरचा प्रबंध नाकारला गेला होता आणि खूलींना कुराणाचा विषय शिकवायला किंवा त्यावर मार्गदर्शन करायला मनाई झाली होती.

१९९२ साली अबू झैद यांनी प्राध्यापकपदाच्या बढतीसाठी अर्ज केला. तीन परीक्षकांपैकी दोघांचे अहवाल अनुकूल. तिसरा अब्द अल-सबूर शाहीन यांचा, त्यात संशोधनाचं मूल्यमापन कमी आणि श्रद्धेची तपासणी जास्त. समितीत मतदान झालं आणि सात विरुद्ध सहा मतांनी बढती नाकारली गेली. बाहेरच्या कुणी खिडक्या फोडल्या नव्हत्या. झब्बू टाकला तो खुर्चीवर बसलेल्या प्राध्यापकांनीच. लोकांचे पैसे बुडालेल्या एका इस्लामी गुंतवणूक कंपनीशी सल्लागार म्हणून शाहीन यांचं नाव जोडलेलं होतं, आणि अशा कंपन्यांवर अबू झैद यांनी टीका केली होती, हेही जाता जाता सांगायला हवं. धर्म बुडाला अशी ओरड होते तेव्हा आणखी काय बुडालंय ते पाहून घ्यावं.

एप्रिल १९९३ मध्ये शाहीन यांनी कैरोच्या अम्र इब्न अल-आस मशिदीतल्या शुक्रवारच्या प्रवचनात त्यांना धर्मभ्रष्ट ठरवलं. मग काही वकिलांनी कोर्टात दावा लावला: हा माणूस आता मुसलमान राहिलेला नाही, म्हणून मुसलमान स्त्रीशी त्याचं लग्न टिकत नाही, दोघांना विभक्त करा. पत्नी इब्तिहाल युनिस त्याच विद्यापीठात फ्रेंच शिकवत होत्या. वादींचा या जोडप्याशी काडीचा संबंध नव्हता. पण 'हिस्बा' नावाच्या जुन्या तत्त्वानं धर्माच्या वतीनं कुणालाही कोर्टात जाता येत होतं. खालच्या कोर्टानं जानेवारी १९९४ मध्ये दावा फेटाळला, वादींचं यात वैयक्तिक हित काय, असं विचारून. वरच्या कोर्टानं १४ जून १९९५ रोजी तो मान्य केला. गंमत म्हणजे विद्यापीठानं अडलेली बढती दोनच आठवडे आधी देऊन टाकली होती. कोर्टासमोर कलमा म्हटला असता तर कदाचित सुटका झाली असती. अबू झैद म्हणाले, माझी श्रद्धा तपासायचा अधिकार कोर्टाला नाही. १९९२ साली लेखक फरज फौदा यांचा खून झाला होता, १९९४ साली कादंबरीकार नगीब महफूझ यांच्या मानेवर सुरा चालला होता. जिवाच्या धमक्या येऊ लागल्या तेव्हा जुलै १९९५ मध्ये नवराबायकोनं देश सोडला आणि माद्रिदमार्गे ते लायडनला आले.

इथपर्यंत मित्रांचं पहिलं वाक्य खरं ठरतं. लायडन विद्यापीठानं त्यांना मानानं वागवलं. ज्यू सहकाऱ्यांच्या बडतर्फीविरुद्ध १९४० साली नाझींच्या नाकावर टिच्चून भाषण करणाऱ्या क्लेव्हरिंगा यांच्या नावाचं अध्यासन त्यांना २००० साली मिळालं. पुढे युट्रेख्टलाही अध्यासन मिळालं. पण अरबी वाक्यरचनेतल्या बारकाव्यांवर आयुष्य काढलेल्या माणसाला रोजचं व्याख्यान इंग्रजीत द्यावं लागलं. ज्यांच्याशी त्यांचं भांडण होतं ते वाचक, विद्यार्थी, ते शाहीनसुद्धा, कैरोतच राहिले. इथल्या वर्तमानपत्रांना मजाज, जुर्जानी यांत रस नव्हता. त्यांना हवा होता इस्लामचा बळी, सांगायला सोपा. २००४ साली अॅमस्टरडॅममध्ये इस्लामवर टीका करणारे चित्रपट दिग्दर्शक थिओ व्हान गॉग यांचा एका कट्टर मुसलमान तरुणानं खून केला, त्यानंतर तर प्रत्येक मुसलमानाला 'तू कुठल्या बाजूचा?' हाच प्रश्न. अबू झैद मी मुसलमान आहे असं ठासून सांगत राहिले, म्हणजे इथल्या पुष्कळांच्या दृष्टीनं तेही गैरसोयीचेच. आणि परदेशच्या स्वातंत्र्याचं म्हणाल, तर २०२४ साली युट्रेख्ट विद्यापीठानं पैसे नाहीत म्हणून जे पदवी अभ्यासक्रम गुंडाळायचं ठरवलं त्यांत अरबी आणि इस्लामचाही आहे. इथे कोर्टात कुणी खेचत नाही. जमाखर्चाच्या वहीत काट मारतात.

तेव्हा 'तिकडे बरं आहे' हे अर्धंच खरं. माणूस वाचतो हे फार मोठं आहे, ते मी कमी लेखत नाही. पण त्याचं काम ज्या भाषेत जिवंत असतं ती भाषा विमानात बसून येत नाही. २००९ साली कुवेतनं त्यांना विमानतळावरूनच परत पाठवलं. ५ जुलै २०१० रोजी ते कैरोत वारले आणि कुहाफात त्यांचं दफन झालं.

त्याच आठवड्यात, ९ जुलैला, भारताच्या सर्वोच्च न्यायालयानं जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावरची महाराष्ट्र सरकारची बंदी उठवण्याचा मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय कायम केला. तोवर पुण्यात एका संस्कृत अभ्यासकाच्या तोंडाला काळं फासून झालं होतं, भांडारकर संस्थेची मोडतोड होऊन गेली होती. २००९ च्या महाबळेश्वर संमेलनाचे निवडून आलेले अध्यक्ष आनंद यादव यांना तुकारामांवरच्या कादंबरीमुळे पद सोडावं लागलं होतं. आपल्याकडे या सगळ्यांवर चर्चा होते ती झुंडीची. झुंड दिसते, तिचे फोटो येतात. माझा आग्रह आहे की जरा समित्यांकडे आणि फिर्यादींकडेही बघा.

इजिप्तनं १९९६ च्या जानेवारीत कायदा करून हिस्बाचे दावे कुणाही वकिलाच्या हातून काढून सरकारी वकिलाकडे दिले. अबू झैद यांना त्याचा उपयोग झाला नाही, ऑगस्टमध्ये सर्वोच्च अपील न्यायालयानं निकाल कायमच ठेवला. भारतात धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमाखाली कोर्टात खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते. गुन्हा नोंदवायला मात्र लागत नाही. लेखकाला कधी न भेटलेला कुणीही, त्याच्यापासून शेकडो किलोमीटरवरच्या पोलीस ठाण्यात जाऊ शकतो, आणि पुढची काही वर्षं तारखा. शिक्षा होतच नाही बहुतेकदा. गरजही पडत नाही.

आता मराठीला अभिजात दर्जा मिळालाय, अध्यासनांच्या, संशोधन केंद्रांच्या घोषणा होतील. ज्ञानेश्वरीच्या रूपकांवर कुणी तरुण मुलगी तिथे प्रबंध लिहील आणि त्यात फडावरच्या कीर्तनकारांना न रुचणारं काही निघेल. तिच्या परीक्षकांचे अहवाल लेखी, सही केलेले आणि तिला वाचायला मिळणारे असावेत. समितीतल्या कुणाला विरोध करायचा असेल तर पान आणि ओळ दाखवून करावा. कोनशिलेवर नाव कुणाचं, यावर भांडण सुरू होण्याआधी एवढं नियमात लिहून घ्या.