समुद्राचं पाणी उसाला सोडण्याआधी हे वाचा

परवा रात्री वाळव्याहून चुलतभावाचा फोन आला. "ताई, तू जीवशास्त्र शिकवतेस, मग सांग, तो मेसेज खरा आहे ना? मेव्हण्याचा टेम्पो गुरुवारी रत्नागिरीहून निघतोय. पन्नास लिटरचे वीस कॅन भरायला सांगितलेत." कॅन समुद्राच्या पाण्याचे, आणि ते पाणी जाणार दोन महिन्यांच्या उसाला. फोन ठेवला आणि रात्रभर झोप लागली नाही, म्हणून हे लिहितेय.

मेसेज थोडक्यात असा: नासाला समुद्रात हवेतला नत्र खाणारी वनस्पती सापडली. तिच्यात डाळींच्या मुळांवरच्या गाठींतलाच जिवाणू असतो. खत कंपन्यांनी हा शोध २६ वर्षं दाबून ठेवला. समुद्राचं पाणी एकरी हजार लिटर, दर पंधरा दिवसांनी ठिबकमधून सोडा, युरिया कायमचा बंद. पाणी तांबूस किंवा हिरवं दिसेल तिथलंच भरा, त्यात नत्र जास्त.

यात खरं काय आहे ते आधी मान्य करते, कारण शोध खराच आहे आणि फार सुंदर आहे. एप्रिल २०२४ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. ब्रारुडोस्फेरा बिगेलोवी नावाचं एकपेशीय समुद्री शैवाल आहे. त्याच्या अंगावर चुन्याच्या पंचकोनी फरश्या असतात. त्याच्या पेशीत हवेतल्या नायट्रोजनचा, म्हणजे नत्राचा, अमोनिया करणारा एक भाग राहतो. तो पूर्वी स्वतंत्र जिवाणू होता. सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वी शैवालाच्या आत आला आणि आता त्याचा अवयवच झाला आहे. हरितलवक आणि तंतुकणिका अशाच झाल्या होत्या, म्हणून याला नाव मिळालं नायट्रोप्लास्ट. हे काम प्रामुख्याने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेतल्या गटाचं. नासाचं नाव मेसेजात वजन यावं म्हणून घातलंय, एवढंच.

पण याच निबंधाने मेसेजचा पाया काढून घेतला आहे. नायट्रोप्लास्टला लागणारी कित्येक प्रथिनं त्याला स्वतः बनवता येत नाहीत. ती शैवाल बनवतं आणि त्यांच्यावर पत्त्यासारखी एक खूण लावून आत पाठवतं. शैवालाची पेशी दुभंगायच्या आधी नायट्रोप्लास्ट दुभंगतो आणि प्रत्येक लेकीच्या वाट्याला एक येतो. त्याला स्वतःचं पूर्ण प्रकाशसंश्लेषणही जमत नाही, साखर शैवालच पुरवतं. म्हणजे शैवालाबाहेर तो जगत नाही. आणि शैवाल? ते खाऱ्या पाण्यातलं तरंगतं जीवन आहे. वाळव्याच्या काळ्या रानात, ठिबकच्या गोड्या पाण्यात ते तग धरणार नाही. उसाच्या पेशीत शिरून तिथे बिऱ्हाड थाटण्याचा प्रश्नच येत नाही. ते जुळून यायला शैवालालाही कोट्यवधी वर्षं लागली.

आता त्या हजार लिटरकडे येऊ, कारण खरं नुकसान तिथे आहे.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. हजार लिटरमध्ये ३५ किलो. दर पंधरवड्याला म्हणजे वर्षात २४ वेळा, एकूण ८४० किलो. पन्नास किलोची जवळजवळ १७ पोती मीठ, एका एकरात! कुणी सांगितलं असतं की रानात मिठाची १७ पोती ओत, तर भावाने त्याला बांधावरून हाकललं असतं. तेच मीठ पाण्यात विरघळून आलं आणि वर शास्त्रज्ञांचं नाव लागलं, की खत झालं?

माती परीक्षणाच्या अहवालात ईसीचा, म्हणजे क्षार किती ते दाखवणाऱ्या विद्युतवाहकतेचा, रकाना असतो. माती पाण्याने पूर्ण भिजवून काढलेल्या अर्काचा ईसी दर मीटरला ४ डेसिसायमनच्या वर गेला की जमीन क्षारयुक्त धरतात. उसाचं उत्पादन तर १.७ पासूनच घटायला लागतं. समुद्राच्या पाण्याचा ईसी ५० च्या आसपास असतो. त्यातला सोडियम काळ्या मातीतल्या चिकणकणांना चिकटतो, मातीची घडण मोडते, वाळल्यावर ती दगडासारखी होते आणि पाणी मुरत नाही. कृष्णाकाठाला हे मी का सांगावं? आमच्या काकांचा ओढ्याकडेचा तुकडा क्षारपड झालेला याच भावाने लहानपणापासून पाहिलाय. उन्हाळ्यात वर पांढरं येतं, गवतही धड उगवत नाही. तो चर खणून, जिप्सम टाकून सुधारायला पैसे नाहीत म्हणून पडून आहे. आणि उरलेलं रान तसं करायला आपण होऊन टेम्पोचं भाडं द्यायचं?

कोकणात विचारा. समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून तिथे पिढ्यान्‌पिढ्या खारबंधारे घालतात. गोव्यात खाडीकाठच्या सखल खाजन जमिनींना बांध आणि मानशी (पाणी अडवणारी दारं) आहेत त्याच कारणाने. ज्यांच्या उंबऱ्याशी समुद्र आहे ती माणसं त्याला शेताबाहेर ठेवण्यासाठी राबतात.

भाऊ म्हणाला, "पण माडाला मीठ घालतातच की." घालतात, खरं आहे. माड किनाऱ्यावरचं झाड, खाऱ्या हवेला आणि मातीला सरावलेलं. त्याच्या मुळाशी रेताड माती आणि वर कोकणचा पाऊस, जास्तीचं मीठ धुऊन जातं. उसाला हे लागू नाही, काळ्या रानाला तर नाहीच.

बरं, एवढं मीठ घेऊन नत्र तरी किती मिळतो? साऱ्या समुद्रांत मिळून सूक्ष्मजीव वर्षाला साधारण १० ते २० कोटी टन नत्र स्थिर करतात, म्हणजे हवेतून घेऊन वापरता येईल असा करतात, असे अंदाज आहेत. आकडा प्रचंड वाटतो. पण समुद्राचं क्षेत्रफळ सुमारे ३६ कोटी चौरस किलोमीटर आहे. भागाकार केला की हेक्टरी तीन ते सहा किलो येतात, तेही वर्षभरात. सुरू हंगामातल्या उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची आहे. समुद्राला तेवढं पुरतं, कारण तिथे तेच ते पुन्हा पुन्हा वापरलं जातं आणि कुणी ऊस तोडून कारखान्याला नेत नाही. वरच्या थरातल्या हजार लिटर पाण्यातला पिकाला घेता येईल असा नत्र चिमूटभर युरियाच्या आसपासही मुश्किलीने जाईल.

डाळींच्या गाठींतल्या जिवाणूचं, म्हणजे रायझोबियमचं, म्हणाल तर नायट्रोप्लास्ट त्या कुळातला नाहीच, तो सायनोबॅक्टेरिया या प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जिवाणूंच्या कुळातला. मात्र रायझोबियमचा एक नातलग एका समुद्री डायटमच्या (एकपेशीय शैवालाच्या) आत नत्र स्थिर करताना सापडला आहे, तोही २०२४ मध्येच जाहीर झाला, अटलांटिकमधला. एवढं अर्धसत्य मेसेजवाल्याच्या पदरात टाकते. तो जिवाणूही डायटमच्या आतच राहतो.

२६ वर्षं दाबून ठेवलं म्हणे. १९९८ मध्ये शास्त्रज्ञ जोनाथन झेर यांना प्रशांत महासागराच्या पाण्यात पुढे नायट्रोप्लास्ट ठरलेल्या जिवाणूच्या डीएनएचा छोटा तुकडा मिळाला आणि तो त्यांनी प्रसिद्धही केला. तो प्रकाशसंश्लेषण पूर्ण करू शकत नाही हे २००८ मध्ये छापून आलं, एका शैवालाबरोबर राहतो हे २०१२ मध्ये. उशीर झाला तो शैवाल प्रयोगशाळेत वाढत नव्हतं म्हणून. जपानमध्ये कोची विद्यापीठात क्योको हागिनो यांनी दहा वर्षांहून अधिक काळ चिकाटीने ते वाढवून दाखवलं, तेव्हा पुढचं काम झालं. त्या बाईंच्या कष्टांना कटाचं नाव देणं मला सहन होत नाही.

तांबूस आणि हिरव्या पाण्याबद्दल थोडक्यात. आपल्या किनाऱ्यालगत उन्हाळ्याच्या सुमारास लाकडाच्या भुशासारखा तपकिरी तवंग दिसतो, तो बहुतेकदा ट्रायकोडेस्मियम या सूक्ष्मजीवाचा. तो नत्र स्थिर करतो, पण खाऱ्या पाण्यातच. हिरवं आणि रात्री चमकणारं पाणी असेल तर तो नॉक्टिलुका हा एकपेशीय जीव. त्याच्या पोटात हिरवं शैवाल असतं खरं, पण ते नत्र स्थिर करत नाही. आणि रंग कोणताही असला तरी मीठ तेवढंच.

युरियाचा खर्च जड जातो, अतिवापराने माती बिघडते, हे भावाचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. त्यावर उपाय आपल्याकडे आहे. उसाच्या आतच राहून नत्र स्थिर करणारा ॲसिटोबॅक्टर ब्राझीलमध्ये उसातच सापडला आणि त्याचं जिवाणू खत आपल्याकडे मिळतं, बेणेप्रक्रियेत (लावणीआधी उसाच्या कांड्यांना) वापरतात. घेताना पाकिटावर जिवाणूचं नाव, त्यांची संख्या आणि वापरायची अंतिम तारीख छापलेली आहे का ते बघ. त्यानेही युरिया पूर्ण बंद होत नाही, कमी होतो.

आज सकाळी मी मेव्हण्याला स्वतः फोन केला. आठ कॅन भरून झाले होते. ते भाट्याच्या किनाऱ्यावर ओतून टाकायला सांगितलेत आणि टेम्पोचं भाडं मी देते म्हटलंय.