संगीन काढली, रायफल राहिली : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘बंदी आणली की विक्री वाढते, हे बंदूकवाल्यांचंच तुणतुणं तुम्ही वाजवलंत, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडकडे बघा,’ असं तुम्ही बंदूकबंदीवरच्या माझ्या लेखाबद्दल लिहिलंत. निम्मा आक्षेप मान्य. विक्री वाढते ती बंदीच्या तोंडावर, हे मी स्पष्ट लिहायला हवं होतं. ड्राय डेच्या आदल्या संध्याकाळी वाइन शॉपसमोर लागते ना, तीच रांग. अमेरिकेत १३ सप्टेंबर १९९४ ला ‘असॉल्ट वेपन्स’वर, म्हणजे लष्करी धाटणीच्या बंदुकांवर, केंद्रीय बंदी आली, त्या सुमारास कारखान्यांनी भराभर माल काढला आणि भावही चढले. आधी बनलेल्या बंदुकांना कायद्याने हात लावलाच नव्हता. पुढे भाव उतरलेसुद्धा.

पण माझा खरा रोख रांगेवर नव्हता, कायद्याच्या शब्दांवर होता. त्या कायद्यात काही मॉडेलं नावानिशी होती. बाकी अर्धस्वयंचलित (दर चापाला एक गोळी, पुढची आपोआप भरली जाते अशा) रायफलींना कसोटी अशी : मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची पेटी, सुटं होत असेल आणि शिवाय पिस्तुलासारखी मूठ, घडीचा दस्ता, संगीन लावायची खाच, नळीच्या तोंडाची ज्वाला झाकणारा तुकडा, अशांपैकी दोन गोष्टी असतील, तर बंदी. मग कारखानदारांनी काय केलं? मूठ ठेवली, खाच तासली, तुकडा काढला. एआर-१५ या लोकप्रिय अर्धस्वयंचलित रायफलीच्या घराण्यातल्या रायफली दुकानात पुन्हा हजर, आणि अगदी कायदेशीर! टेक-९ हे पिस्तूल नावानिशी यादीत होतं. त्याच्या कंपनीने किरकोळ बदल करून एबी-१० काढलं. एबी म्हणजे ‘आफ्टर बॅन’. इतका उघड डोळा मारलेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही. दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिनं बंद झाली, पण जुनी विकायला मोकळीक होती. २००४ मध्ये कायद्याची मुदत संपली, ती वाढवलीच नाही.

याला कायदेभंग म्हणता येत नाही. बाजाराने कायदा अक्षरशः पाळला, आणि घोटाळा तिथेच आहे.

आता तुमचा ऑस्ट्रेलिया. १९९६ नंतर तिथे साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे मोजून परत घेतल्या आणि मोडीत काढल्या. पैशासाठी मेडिकेअरचा (तिथल्या सरकारी आरोग्य योजनेचा) कर वर्षापुरता वाढवला. न्यूझीलंडने २०१९ मध्ये, ख्राइस्टचर्चच्या हत्याकांडानंतर महिन्याभरात, बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घातली आणि वर्ष संपायच्या आत ५० हजारांहून जास्त परत घेतल्या. दोघांनीही बंदुकीच्या रूपाला नव्हे, तर ती कशी चालते याला हात घातला. जुना मालही सोडला नाही. इथे तुमचं म्हणणं शंभर टक्के पटतं.

फक्त न्यूझीलंडबद्दल जरा सबुरी. तिथे परवाना माणसाला होता, बहुतेक बंदुकांची नोंद नव्हती. जमा झालेल्या बंदुका मोजता आल्या, पण मागे किती उरल्या ते कशावरून ठरवणार? आधीच्या अंदाजांत कित्येक पटींची तफावत होती. सगळ्या बंदुकांची नोंदवही सुरू झाली ती थेट जून २०२३ मध्ये.

मूळ लेखाचं शीर्षक मात्र बदलतोय. ‘बंदी म्हणजे विक्रीला निमंत्रण’ हे चटकदार होतं, पण तुमच्या प्रतिक्रियेपुढे टिकत नाही.