डिनाय दिसला की कायमचा ब्लॉक? हे कारखान्यात लावू नका

‘फायरवॉल ऑटोमॅटिक करा, आयटीवाल्याचा पगार वाचवा’ असा एक पाच कलमी मेसेज बडोद्यातल्या उद्योजकांच्या व्हॉट्सअॅप गटांत फिरतो आहे. मकरपुरा जीआयडीसीत कारखाना चालवणाऱ्या माझ्या मामांकडेही तो पोहोचला आणि त्यांनी विचारलं, “आपल्याकडे लावून टाकू का?” मामा, लावू नका. आणि ज्यांनी लावला असेल त्यांनी निदान पहिलं कलम आजच बंद करा.

फायरवॉल म्हणजे नेटवर्कच्या दारातला पहारेकरी: येणारी-जाणारी जोडणी तपासून सोडतो किंवा अडवतो. मेसेज थोडक्यात असा आहे. एक, फायरवॉलच्या लॉगमध्ये (नोंदवहीत) ‘डिनाय’ म्हणजे ‘अडवला’ असं दिसलेला प्रत्येक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) स्क्रिप्टने, म्हणजे छोट्या प्रोग्रॅमने, आपोआप आणि कायमचा ब्लॉक करा. दोन, सात दिवसांपेक्षा जुने लॉग पुसा, फायरवॉल फास्ट चालते. तीन, सगळ्या टूलना एकच अॅडमिन पासवर्ड द्या. चार, डॅशबोर्ड हिरवा असेल तर काही बघायची गरज नाही. पाच, रोजचे हजारो लॉग माणसाने वाचणं अशक्य आहे.

पहिलं कलम लिहिणाऱ्याने डिनायचे लॉग कधी उघडून पाहिलेले नाहीत. फायरवॉल प्रत्येक जोडणीची नोंद ठराविक वेळच लक्षात ठेवते. तुमच्या कॉम्प्युटरने ८.८.८.८ ला (हा गूगलचा डीएनएस सर्व्हर, साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा) एखाद्या साइटचा पत्ता विचारला, उत्तर उशिरा आलं आणि तोवर नोंद पुसली गेली, तर ते उत्तर फायरवॉलला अनोळखी वाटतं. मग लॉगमध्ये ‘८.८.८.८, पोर्ट ५३, डिनाय’ अशी ओळ पडते (पोर्ट म्हणजे सेवेचा क्रमांक, ५३ डीएनएसचा). वेबसाइटचंही तसंच. बंद झालेल्या जोडणीची मागे राहिलेली, ‘संपलं’ सांगणारी फिन आणि रीसेट पॅकेटं (माहितीचे छोटे तुकडे) वेबच्या पोर्ट ४४३ वरून येत राहतात आणि डिनाय होतात. यात हल्ला कुठेच नाही. पण स्क्रिप्ट आधी तुमचा डीएनएस ब्लॉक करणार, मग बँकेची साइट, मग ईआरपीचा (कारखान्याच्या हिशेब-साठ्याच्या सॉफ्टवेअरचा) क्लाउड. ऑफिसात ‘नेट बंद आहे’ अशी ओरड सुरू झाली की कोणीतरी घाईत ‘एनी टू एनी अलाउ’चा (सगळ्यांना सगळीकडे मोकळीक) नियम टाकतं किंवा केबल फायरवॉलमधून काढून सरळ राउटरला लावतं. खरं नुकसान इथे होतं, कारण ती केबल महिनोन् महिने तशीच राहते.

यूडीपी, म्हणजे आधी जोडणी न करता पाठवलेल्या, पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो, हे त्याहून वाईट. तुमच्याकडे अशी स्क्रिप्ट आहे असा ज्याला अंदाज येईल, तो तुमच्या बँकेच्या नाहीतर शाखेच्या पत्त्याने चार खोटी पॅकेटं पाठवेल आणि दार तुम्हीच बंद कराल. तिसरी गोष्ट मोबाइल नेटची: तिथे असंख्य ग्राहक एकाच सार्वजनिक आयपीमागे असतात. सुरतेला गेलेल्या तुमच्या सेल्समनचा आणि एखाद्या भामट्याचा पत्ता एकच असू शकतो. ‘कायमचा’ ब्लॉक केला की दोघेही बाहेर.

आपोआप ब्लॉक करायचंच असेल तर क्रम असा ठेवा. आधी सूट-यादी करा: स्वतःचे स्थिर आयपी, शाखा, डीएनएस सर्व्हर, बँक, आयएसपीचा (इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा) गेटवे, ईआरपीवाल्याचा रिमोट पत्ता. ब्लॉकचं कारण डिनाय नको, व्हीपीएनचं (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येण्याच्या सुरक्षित वाटेचं) फसलेलं लॉगिन घ्या. तेही टीसीपीवरचं असेल तर उत्तम, कारण तिथे जोडणी पूर्ण झाल्याशिवाय पासवर्ड विचारलाच जात नाही, त्यामुळे खोटा पत्ता चालत नाही. फेल-टू-बॅन हे आपोआप ब्लॉक करणारं टूल मूळ सेटिंगमध्ये दहा मिनिटांत पाच चुका झाल्या की दहा मिनिटांची बंदी घालतं. सुरुवात त्या बेताने करा, तोच पत्ता परत आला तर २४ तास. पहिले दोन आठवडे स्क्रिप्टने फक्त कळवायचं, ब्लॉक करायचं नाही. तासाला २० पेक्षा जास्त ब्लॉक होऊ लागले तर तिने स्वतः थांबून माणसाला फोन लावावा.

दुसऱ्या कलमावर फार बोलायची गरज नाही, ते सरळ बेकायदा आहे. सर्ट-इनने (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत सिस्टिमचे लॉग १८० दिवस सुरक्षित ठेवायला सांगितलं आहे आणि यादीतली सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायला सांगितलं आहे. ‘हे मोठ्या कंपन्यांसाठी’ असं कोणी म्हणेल, तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांना २५ सप्टेंबर २०२२ पर्यंत मुदत वाढवून दिली होती. वाढवली ती मुदत, सूट दिली नव्हती. घड्याळांबद्दलही त्याच निर्देशांत आहे: ती एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची. एक यंत्र यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आणि दुसरं आपल्या वेळेत असलं तर नोंदींत साडेपाच तासांचा फरक पडतो आणि कशानंतर काय झालं ते जुळतच नाही.

फायरवॉलच्या आतली डिस्क लहान असते आणि भरते, एवढं खरं. म्हणून लॉग बाहेरच्या सर्व्हरवर पाठवायचे. सेकंदाला ५० ओळी, ओळीला ५०० बाइट धरा: दिवसाला २.१६ जीबी, १८० दिवसांचे साधारण ३८९ जीबी. एक टीबीची डिस्क पुरते, दुसरी बॅकअपला. डीएचसीपीचे (कोणत्या यंत्राला कोणता आयपी दिला त्याचे) लॉगही तिथेच पाठवा, नाहीतर तीन महिन्यांनी १९२.१६८.१.५७ म्हणजे स्टोअरचा पीसी होता की कोणाचा फोन, हे सांगता येणार नाही.

तिसरं कलम: एका टूलमधून पासवर्ड फुटला की सगळं घर उघडं. प्रत्येक टूलला वेगळी की (किल्लीसारखा गुप्त कोड) द्या, बघणाऱ्या टूलला फक्त वाचण्याचा हक्क, आणि ती की ठराविक आयपीवरूनच चालावी. एसएनएमपी (यंत्रांची स्थिती दुरून विचारण्याची पद्धत) वापरत असाल तर तिसरी आवृत्ती, एन्क्रिप्शनसकट.

हिरव्या डॅशबोर्डचं काय? सिसलॉग (लॉग दुसऱ्या यंत्राकडे पाठवण्याची पद्धत) बहुधा यूडीपी ५१४ वर जातो आणि पोहोच मिळत नाही. लॉग सर्व्हर बंद पडला तरी फायरवॉलला पत्ता नसतो, आणि नवीन लॉग नाहीत म्हणजे नवीन अलर्ट नाहीत, सगळं हिरवं. पाच मिनिटं फायरवॉलकडून एकही ओळ आली नाही तर अलर्ट वाजेल असा नियम सर्वांत आधी लावा. जमत असेल तर टीसीपीवर टीएलएस (वाटेतलं एन्क्रिप्शन), पोर्ट ६५१४, आणि पाठवणाऱ्या बाजूला डिस्कवरची रांग. ट्रॅफिकचा ग्राफही तपासा: बाइट मोजणारा जुना ३२ बिटचा काउंटर १ जीबीपीएसच्या भरलेल्या लाइनवर ३४ सेकंदांत शून्यावर येतो. दर पाच मिनिटांनी वाचलात तर ग्राफ खोटा. ६४ बिटचा निवडा.

पाचवं कलम मात्र मान्य करावं लागतं. हजारो ओळी कोणी वाचू शकत नाही, आणि झॅबिक्स, ग्रेलॉग अशी टूल त्यासाठीच आहेत. पण बाहेरून येणारे डिनाय रात्रंदिवस येणारच, त्यांची फक्त मोजणी ठेवा. माणसासमोर यायला हवेत ते आतून बाहेर जाताना अडलेले: रात्री तीनला परदेशी पत्त्याकडे धडपडणारा सीसीटीव्हीचा डीव्हीआर, किंवा पोर्ट २५ वर मेल पाठवू पाहणारा अकाउंटचा पीसी. कॉन्फिगरेशन बदललं की अलर्ट, अॅडमिन लॉगिन झालं की अलर्ट. दिवसाला पाच-सात अलर्ट येतील इतकं गाळा, म्हणजे वाचले जातील.

आणि ते एका माणसाच्या फोनवर जायला हवेत. दिवाळीपासून लाभपाचमपर्यंत बडोद्यातले बरेच कारखाने बंद असतात, सर्व्हर मात्र चालू. त्या दिवसांत अलर्ट कोणाकडे जाणार, त्याने फोन उचलला नाही तर पुढचा कोण, आणि व्हीपीएन बंद करण्याचा अधिकार कोणाला, ही तीन नावं धनतेरसच्या आधी कागदावर लिहून सिक्युरिटी केबिनमध्ये लावा, मामा.