राजीनामा दिला तरच पीएफ मिळतो? साफ चुकीचं हाय

भावांनो, कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या कामगारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय की कामगार कपातीत नाव आलं तर गुमान राजीनामा लिहून द्या, नाहीतर पीएफ अन् ग्रॅच्युइटी (नोकरीच्या वर्षांवर मिळणारी एकरकमी रक्कम) अडकते. तसं काय नसतं. पीएफ तुमच्या यूएएन (म्हणजे पीएफचा कायमचा नंबर) खात्यावर असतोय, कंपनीच्या गल्ल्यात न्हवं. कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही तर शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाले की पीएफच्या पोर्टलवर आपली आपण टाकता येते. अन् 5 वर्षं भरली असली की कपातीत कामावरनं काढलं तरी ग्रॅच्युइटी मिळते.

उलट राजीनाम्यात नुकसान कामगाराचंच. कपात म्हणून काढलं तर कमीत कमी एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर पूर्ण वर्षामागं 15 दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. म्हणजे फौंड्रीत 8 वर्षं काम केलेल्या मोल्डरला (साचे बनवणाऱ्याला) 120 दिवसांचा पगार, अन् तो राजीनाम्यात लिहिलेल्या "घरगुती कारणास्तव" या दोन शब्दांत जातोय की! हा नियम कामगारांसाठी हाय, मॅनेजर अन् जास्त पगाराचे सुपरवायझर त्यात येत नाहीत, एवढं मात्र खरं.

आमच्या गल्लीतल्या एका पोरानं एचआरच्या केबिनमधे टाईप केलेल्या कागदावर चहा संपायच्या आत सही केली, आता फेऱ्या मारतोय. तुमच्याकडनं सही मागितली तर कागदाचा फोटो काढा, वेळ मागा अन् आधी सहायक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात जाऊन विचारा. तो मेसेज पुढं पाठवला असला तर डिलीट मारा लगा.