चार प्रश्नचिन्हांचे सभासद

आमच्या गल्लीतल्या वाचनालयाची सभासदयादी 'फक्त जुन्या संगणकावरून नव्यावर' न्यायची आहे, असे ग्रंथपालबाईंनी सांगितले, तेव्हाच त्यातल्या 'फक्त'कडे मी नीट लक्ष द्यायला हवे होते. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. कोणत्या अक्षराला कोणता आकडा हे ठरवणारा तो वर्णसंच, आणि तो आकडा बाइटांत कसा मांडायचा हे ठरवणारे ते एन्कोडिंग, एवढे मला पाठ होते. त्या पाठांतराच्या जोरावर मी होकार दिला आणि तीन रविवार घालवले.

१९९१ साली भारतीय लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणाऱ्या इस्कीचे भारतीय मानक आले, त्याच वर्षी जगभरच्या लिप्यांसाठी तेच काम करणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्तीही आली. पण ही वार्ता आमच्या वाचनालयापर्यंत पोहोचली नसावी. तिथली यादी एका जुन्या फॉन्टात होती, म्हणजे आत साठवलेली चिन्हे इंग्रजीची आणि अंगावरचा पोशाख तेवढा मराठी. फॉन्ट बदलला की सभासदांच्या जागी कंस आणि टक्के उभे राहत. शिवाय त्या फॉन्टात ह्रस्व वेलांटी दिसते तशी, अक्षराच्या आधी टंकत, तर युनिकोडात ती अक्षरानंतर येते. त्यामुळे माझ्या पहिल्या रूपांतरात विठ्ठल नावाच्या सभासदाची वेलांटी 'व'ला सोडून एका ठिपक्यांच्या वर्तुळाला जाऊन लटकली.

ती सोडवली, आणि खरे दुखणे सुरू झाले. मजकूर यूटीएफ-८ या युनिकोडच्या एन्कोडिंगमध्ये आहे हे फाइलीला, डेटाबेसच्या तक्त्याला, दोघांमधल्या जोडणीला आणि पडद्यावरच्या पानाला, असे चार ठिकाणी सांगावे लागते. चौघांपैकी एकाने जरी वेगळे समजून घेतले, तर रेशनकार्डावर एक आणि सातबाऱ्यावर दुसरे नाव असलेल्या माणसाची तहसील कचेरीत होते तीच गत मजकुराची होते. यूटीएफ-८ मध्ये 'म' तीन बाइटांचा. पानाने ते तीन बाइट पश्चिम युरोपीय समजून वाचले, तेव्हा 'म'च्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन 'ए', चलनाची एक चौशिंगी खूण आणि शेवटी नोंदणीकृत ट्रेडमार्कचे वर्तुळ अवतरले. बाई म्हणाल्या, "अहो, सगळे सभासद नोंदणीकृतच आहेत, पण ते असे दाखवायची गरज नव्हती."

बिघाड पानात होता; मी दुरुस्ती मात्र तक्त्यात केली, म्हणजे धडधाकट मजकुराचे पुन्हा रूपांतर केले, आणि एकेका 'म'चे तीनाचे सहा बाइट झाले. वैतागून यादी नव्याने भरली, तर या खेपेस जोडणीने देवनागरी ओळखच दाखवली नाही आणि प्रत्येक खुणेमागे (वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि पाय मोडल्याची खूणही वेगळी धरून) एक प्रश्नचिन्ह ठेवून ती मोकळी झाली. विकृत अक्षरे परत फिरवता येतात. प्रश्नचिन्हांतून मूळ अक्षर ब्रह्मदेवालाही काढता येत नाही. सहा प्रश्नचिन्हे म्हणजे विठ्ठल, हे मी बोटांवर मोजून काढले. चार प्रश्नचिन्हे मात्र वसंतही असू शकत होता आणि गणेशही, आणि बाईंच्या म्हणण्यानुसार त्यांपैकी एकाकडे दोन वर्षांपासून तीन पुस्तके होती.

जुन्या संगणकावरची मूळ यादी नशिबाने शाबूत होती. तिसऱ्या रविवारी चारही ठिकाणी यूटीएफ-८ हे एकच नाव सांगितले, यादी पुन्हा भरली, आणि वसंत व गणेश वेगळे झाले. बाईंनी खूश होऊन शेरा या रकान्यात 'आभारी आहोत' लिहिले आणि पुढे हात जोडल्याची इमोजी टाकली. नोंद नाकारली गेली. मी तक्त्याला नेमून दिलेले यूटीएफ-८ तीन बाइटांपर्यंतचेच निघाले, आणि ते जोडलेले हात चार बाइटांचे होते. आभार शब्दांतच पोहोचले, असे मी बाईंना घाईघाईने सांगितले आणि चपला घातल्या.